ब्रेक दाबला की दिवा विझतो, तो का?

प्रश्न : आमची दहा-अकरा वर्षांची साधी पेट्रोल गाडी आहे. शेजाऱ्यांच्या लक्षात आलं की मागचा डावा लाल दिवा एरवी नीट पेटतो, पण ब्रेक दाबला की उजवा लख्ख होतो आणि डावा मंदावत जवळपास विझतो. त्याच वेळी पुढचा डावा इंडिकेटर अगदी अंधूक पेटतो. वायरिंगवाल्याने दोनदा बल्ब बदलला, फरक नाही. आता तो म्हणतो, मागची सगळी वायरिंगच बदला. ब्रेक दाबल्यावर दिवा वाढायचा सोडून विझतो, हे कसं? आणि खर्च करायचाच तर एलईडी बसवावेत का?
(एक वाचक, पाटन, जि. जबलपूर)

उत्तर : वायरिंग बदलू नका. तुमच्या पत्रातली इंडिकेटरची ओळ वाचली आणि दुखणं कुठे आहे ते कळलं. बल्ब चांगला आहे, वायरीही बहुधा चांगल्या आहेत. डाव्या दिव्याची अर्थ, म्हणजे विजेची परतीची वाट, तुटली आहे.

मागच्या लाल दिव्यात बहुतेक गाड्यांना एकच बल्ब असतो, पण त्याच्या पोटात दोन तारा असतात. ५ वॅटची तार रात्रभर पेटते, २१ वॅटची फक्त ब्रेकला. बल्बच्या बुडाशी ‘पी२१/५डब्ल्यू’ असं कोरलेलं दिसेल. या दोन तारांकडे वीज दोन वेगळ्या वायरींनी येते, परतीची वाट मात्र दोघींची एकच : होल्डर, तिथून एक वायर आणि शेवटी गाडीचा पत्रा. त्याच खोक्यातला इंडिकेटरही बहुधा हीच वाट वापरतो.

ही वाट बंद झाली तर दिवा विझायला हवा, असं आपल्याला वाटतं. पण वीज दुसरी वाट शोधते. ५ वॅटच्या तारेतून आलेला प्रवाह शेजारच्या ब्रेकच्या तारेत उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरीने उजव्या दिव्यापर्यंत जातो आणि तिथली अर्थ शाबूत असल्यामुळे पत्र्यात उतरतो. वाटेतल्या ब्रेकच्या तारा थंड असतात. तापलेल्या २१ वॅटच्या तारेचा रोध सात ओहमच्या आसपास असतो; थंड असताना तो साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. उलट ५ वॅटच्या पेटलेल्या तारेचा रोध २९ ओहमच्या घरात. त्यामुळे जवळजवळ सगळा दाब तिलाच मिळतो आणि दिवा अगदी निरोगी दिसतो. पार्किंग दिवे लावून गाडीभोवती फेरी मारली, तरी दोष सापडत नाही तो यामुळेच.

आता ब्रेक दाबा. ज्या वायरीने प्रवाह पळून जात होता, तिच्यातच आता बारा व्होल्ट आले. दोन टाक्यांतलं पाणी एका पातळीला आलं की मधल्या नळीतलं वाहणं थांबतं, तसं ५ वॅटच्या तारेचं होतं. उरली एकच पळवाट : इंडिकेटरचा बल्ब, तिथून वायरीने पुढचा डावा इंडिकेटर आणि मग पत्रा. ब्रेकची आणि दोन्ही इंडिकेटरच्या अशा तीन मोठ्या तारा एकापाठोपाठ आल्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला चारेक व्होल्टच येतात, म्हणून पुढचा इंडिकेटर अंधूक पेटतो. मागच्या माणसाला मात्र तुम्ही ब्रेक दाबलात त्याच क्षणी तुमचा डावा दिवा मावळलेला दिसतो. हा दोष किरकोळ समजू नका. नुसता विझलेला दिवा बरा, असं म्हणायची वेळ येते. कारण हा दिवा मागच्याला उलटी बातमी देतो.

खात्री करायला हातभर वायर पुरे. दोन्ही टोकं सोला. एक टोक होल्डरच्या अर्थच्या पट्टीला आणि दुसरं डिक्कीतल्या रंग नसलेल्या एखाद्या बोल्टला टेकवा, आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. डावा दिवा झळाळला की निदान पक्कं. वायर चुकून विजेच्या टोकाला टेकली तर फ्यूज उडेल, तेवढं सांभाळा.

दुरुस्ती याहून सोपी. डिक्कीचं आतलं अस्तर बाजूला करा. दिव्याच्या मागून निघालेली अर्थची वायर (बहुतेक गाड्यांत काळी किंवा तपकिरी) पत्र्याला जिथे बोल्टने कसलेली आहे, तो बोल्ट बहुधा दहा नंबरच्या पान्याने सुटतो. त्याच्याखालची गोल चकती कळकलेली असेल, पत्र्यावर गंजाचा वेढा असेल. दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट कसा आणि वरून व्हॅसलीनचं बोट फिरवा, म्हणजे ओल शिरणार नाही. चकती स्वच्छ निघाली तर होल्डर पाहा. त्यातली पितळी पट्टी सैल पडते, कधी उष्णतेने भोवतालचं प्लास्टिक मऊ होऊन ती सरकते. तसं असेल तर होल्डर बदला, वाकवून वेळ मारून नेऊ नका.

हा गंज येतो तो पाण्याने. दिव्याच्या खोक्याभोवतीचं रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत झिरपतं. लेन्सवर आतून वाफ धरते का, हे पावसाळ्यात पाहत जा, आणि रबर वेळेवर बदला. लेन्सला तडा गेला असेल तर लाल टेप चिकटवून भागवू नका; टेप उन्हाने फिकटतो आणि मागे पांढरा उजेड फेकला जातो. मागे लाल उजेड हवा आणि नंबर प्लेटवर पांढरा, असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ सांगतात.

बल्बबद्दल एकच. त्याच्या बुडाच्या दोन खुंट्या मुद्दाम वर-खाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. दाबून उलटा बसवला तर ब्रेकची तार रात्रभर जळते आणि ब्रेकला ५ वॅटची पेटते. वायरिंगवाल्याने घाईत तसं केलेलं नाही ना, तेवढं बघून घ्या. हेडलाइटच्या हॅलोजनला बोट लावू नये हे खरं, पण या साध्या बल्बला तो नियम नाही. काच आतून काळवंडली असेल तर बल्ब जायच्या वाटेवर आहे, आणि मग दोन्हीकडचे बरोबरच बदला.

एलईडीचा एक फायदा मोठा आहे. तारेच्या बल्बला पूर्ण उजळायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, एलईडी तत्क्षणी पेटते. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात मागची गाडी साडेपाच मीटर पुढे आलेली असते. तरीही जुन्या होल्डरात बाजारातली सुटी एलईडी खुपसू नये, असं माझं ठाम मत आहे. दिव्यामागचा आरसा एका बारीक तारेच्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचा उजेड तिथून निघत नाही, म्हणून दिवा एका कोनातून भगभगीत आणि दुसऱ्यातून मंद दिसतो. पांढरी एलईडी लाल लेन्समागे फिकी पडते, कारण तिच्या उजेडात लाल भाग थोडा असतो. आणि अर्थ तुटलेलीच राहिली तर एलईडी बसवूनही दोष जाणार नाही.

तुमच्याकडे मटारचा हंगाम आणि धुकं एकदमच येतं. नर्मदेच्या खोऱ्यातलं डिसेंबर-जानेवारीचं धुकं आणि त्यात पाटनहून जबलपूरच्या मंडीकडे निघालेल्या, मागे दिवाच नसलेल्या ट्रॉल्या! धुक्यात लाल उजेड इतर रंगांपेक्षा लांब जातो, ही समजूत चुकीची आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. दिवा स्वच्छ आणि धड असणं एवढाच उपाय. स्वतःचा मागचा दिवा चालकाला कधी दिसत नाही, म्हणून रात्री गाडी भिंतीला पाठ करून उभी करा, दिवे लावा आणि मग ब्रेक दाबून आरशात दोन्ही लाल डाग पाहा. दोन्ही सारखे वाढले पाहिजेत. दर आठवड्याला करा. ट्रॉलीवाल्यांना मागे लाल परावर्तक पट्टी लावायला सांगा. नुसत्या सांगण्याने होत नसेल तर एखादी स्वतः नेऊन द्या.

प्रश्न : जबलपूरला लष्करी ट्रकच्या खाली, मागच्या चाकांच्या मधोमध पांढरा गोळा रंगवलेला दिसतो. तो कशासाठी?
(तेच वाचक)

उत्तर : तोही टेललाइटच आहे. जबलपूरच्या वाहन निर्माणीत (स्थापना १९६९) बनलेले शक्तिमान, स्टॅलियन हे ट्रक तुम्ही पाहिले असतील. मागच्या आसाच्या मध्यावर डिफरन्शियलचं फुगीर लोखंडी घर असतं. त्यालाच तो पांढरा रंग दिलेला असतो आणि वर एक छोटा दिवा बसवलेला असतो. युद्धकाळात अंधार पाळून ताफा निघाला की बाकीचे दिवे बंद ठेवून तेवढाच लावतात. मागच्या ट्रकच्या चालकाला उजळलेला पांढरा गोळा दिसतो, त्यावरून तो अंतर राखतो. वरून जाणाऱ्या विमानाला मात्र ट्रकच्या आडोशामुळे काहीच दिसत नाही.