वाट पाहतांना करावयाचें रेखाटन

एस. टी. स्थानकाच्या बाकावर अर्धा-पाऊण तास बसून राहण्याचा प्रसंग कोणास येत नाहीं? विद्यार्थिमित्रहो, चित्रकलेच्या अभ्यासास इतकी चांगली जागा शाळेंतही मिळत नाहीं, असें आम्हांस वाटतें. वर्गांतील घडा स्थिर असतो. एलिमेंटरीचें वस्तुचित्र त्यामुळें साधतें. परंतु तोच घडा उचलणारी बाई काढावयाची म्हटली कीं हुशार मुलाचाही हात अडतो. तो नाक-डोळ्यांपासून आरंभ करतो, आणि चेहरा पुरा होण्यापूर्वींच बाई निघून जाते.

म्हणून आधीं ढब पाहावी. डोक्यापासून कण्यावरून भार पेलणाऱ्या पावलापर्यंत एकच रेघ ओढावी. ज्या पायावर भार असतो त्या बाजूची कंबर वर चढते, खांदा बहुधा खालीं येतो. एवढें साधलें कीं माणूस उभा राहिला! चहावाला किटली तिरकी करतो, सरळ करतो, पुन्हां तिरकी करतो. त्याच्या दोन आकृति शेजारीं शेजारीं मांडाव्या. जी ढब परत येईल ती पुढें न्यावी. मऊ पेन्सिल व खिशांत मावेल अशी वही पुरे. रबर मात्र घरींच असूं द्यावें.

गर्दीचें भय वाटतें, तें एका नियमानें जातें. सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल तर तुमच्या उंचीच्या सर्व माणसांचे डोळे, तीं जवळ असोत वा दूर, एकाच आडव्या रेषेवर येतात. जवळच्यांचे पाय तेवढे कागदावर खालीं उतरतात. बाकावर बसलां असाल तर ती रेषा उभ्या माणसांच्या छाती व कंबर यांच्या दरम्यान जाते, आणि जवळच्यांचीं डोकीं दूरच्यांहून वर चढतात. ही रेषा आधीं आंखावी.

रावबहादुर धुरंधर (१८६७–१९४४) यांनीं विद्यार्थी व शिक्षक या नात्यांनीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत ४१ वर्षें घालविलीं. ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकासाठीं १९१२ साली त्यांनीं मुंबईचे लोक रेखाटले, त्यांत अशी ढब पाहावयास मिळते.

दवाखान्यांत दुःखी माणसाचें चित्र काढूं नये; कोणी संकोचल्यास वही मिटावी. पालकांसही विनंति कीं, ‘हें कोणासारखें दिसतें?’ असें मुलास विचारूं नये. त्यानें मुलें वही लपवूं लागतात. ‘हा काय करीत आहे?’ असें विचारावें.

गाडी आली कीं अपुरें चित्र तसेंच ठेवून खालीं ठिकाण व तारीख घालावी. घरीं जाऊन त्यांत नाक-डोळे भरूं नयेत.