शेततळ्यातील माशांची धास्ती व तिचा बंदोबस्त

बीड जिल्ह्यात परळी तालुक्यातील सिरसाळा परिसर हा बेभरवशाच्या पावसाचा. शेततळे येथे मुख्यत्वे संरक्षित ओलितासाठी खोदले जाते. त्यातच रोहू, कटला व मृगळ पाळल्यास त्याच पाण्यावर दुसरे उत्पन्न निघते. मात्र तळ्यावर पाणकावळे उतरू लागले की शेतकरी केवळ खाल्ल्या गेलेल्या माशांची मोजदाद करतो. उरलेल्या माशांचे नुकसान त्याच्या नजरेस येत नाही.

शत्रूची चाहूल लागताच माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचा अंतःस्राव काही मिनिटांत वाढतो. धोका टळला की तो ओसरतो. त्यापासून अपाय नाही. परंतु पक्षी रोज येऊ लागल्यास मासा सदैव धास्तावलेला राहतो. तो खाद्याकडे फिरकत नाही, त्याची वाढ खुंटते व रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. चोचीतून निसटलेल्या माशाच्या जखमेवर कापसासारखी बुरशी धरते. मग दोष मत्स्यबीजाला दिला जातो! खाद्य शिल्लक राहणे व मासे खोल कोपऱ्यात दाटी करणे ही धास्तीची लक्षणे होत. पहाटे मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर मात्र प्राणवायूची उणीव समजून प्रथम पाण्याकडे पाहावे.

प्लास्टिक अस्तराच्या तळ्यात ना वनस्पती, ना सावली. नितळ पाण्यात मासा वरून स्पष्ट दिसतो. अशा तळ्यात कुजलेले शेण पोत्यात भरून टांगावे, म्हणजे पाणी हिरवट होते. हात कोपरापर्यंत बुडविला असता तळहात जेमतेम दिसेनासा झाला की पुरे. त्याहून गडद रंग आल्यास पोते काढून घ्यावे. शेडनेटने मढविलेला बांबूचा तराफा एका बाजूस तरंगत ठेवल्यास माशांना आडोसा मिळतो.

तळ्यावर जाळे ताणून बांधणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. सैल जाळ्यात पक्षी गुरफटून मरतात. बुजगावणे थोड्याच दिवसांत पक्ष्यांच्या ओळखीचे होते, म्हणून त्याची जागा बदलीत राहावे. फटाके वाजवू नयेत; त्यांनी मासेही दचकतात. पाणकावळे व बगळे मारणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावात समजावून सांगावे. विरोळा हा पाणसाप बिनविषारी असून त्यालाही मारू नये. काठाभोवती बारीक जाळीचे कुंपण घालावे.

बीज सोडताना ८ ते १० सेंटीमीटर लांबीची बोटुकली निवडावी. लहान बीज बेडूक व पाणकिड्यांच्याही तोंडी पडते. खाद्य रोज ठरावीक वेळी, ऊन वर आल्यावर व काठावर माणूस हजर असताना द्यावे.