दवाखान्याबाहेरचं बिल

पवनी तालुक्यात मी आशा वर्कर आहे. पेशंटसोबत कधी आरोग्य केंद्रात, कधी भंडाऱ्याला, कधी नागपूरच्या मेडिकलला जाते. त्या धावपळीत जे कळलं, ते मांडते.

१. उपचार मोफत झाले, आजार मोफत झाला नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. हा निर्णय मोठा आहे. पण नागपूरचं गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण, बाहेरून आणायला सांगितलेलं औषध आणि बुडालेली रोजी यांचा हिशेब कुणी ठेवत नाही. रोवणीच्या दिवसांत तर नवरा-बायको दोघांचीही रोजी बुडते. ऑपरेशनला एक रुपयाही लागला नाही, तरी घरातलं धान विकावं लागलं, अशी घरं माझ्या गावात आहेत.

२. योजनेचे कागद निरोगी असतानाच नीट करावेत. जीवनदायी योजना आपल्या जिल्ह्यात २०१३ च्या नोव्हेंबरात आली. आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली आहे आणि दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं आहे. पण रेशन कार्डावर ‘शेवंता’ आणि आधारवर ‘शेवंताबाई’ असेल, तर पेशंट खाटेवर आणि मुलगा झेरॉक्सच्या दुकानात, अशी पाळी येते. दवाखान्यात गेल्यावर आधी योजनेच्या आरोग्यमित्राला गाठावं.

३. सगळ्यात स्वस्त उपचार गावातच असतो आणि हेळसांडही त्याचीच होते. आमच्याकडे सिकलसेल घराघरांत आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं की पुढची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करतात. एवढ्यावरून लग्नाआधी कळू शकतं की दोघंही वाहक आहेत का; असतील तर दर बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. आजारी पोराला हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल डॉक्टरांच्या सल्ल्यानं नेमानं मिळाली, तर वेदनेचे झटके कमी होतात. साठा संपला की कॅप्सूल खंडते. मग थंडीतल्या एका रात्री ते पोर गुडघे पोटाशी घेऊन कण्हत असतं आणि माय पाय चोळत बसते. पुढं ॲम्ब्युलन्स, भरती, रक्ताची पिशवी. कॅप्सूलवर वाचवलेला पैसा सरकारनं भरतीवर कितीतरी पटीनं घालवलेला असतो. साठा संपण्याआधी मागणी गेली पाहिजे, हे मी प्रत्येक बैठकीत बोलते.

४. देखभाल हाही उपचारच आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. सात वाचवली गेली. चौकशीत वॉर्मरमधल्या विजेच्या बिघाडाकडे बोट दाखवलं गेलं. माझ्या शब्दावर बाळंतपणाला दवाखान्यात येणाऱ्या बाईला त्यानंतर मी काय सांगायचं, हे मला कितीतरी दिवस सुचलं नाही. यंत्र विकत घेताना उद्घाटन होतं, वायरिंग तपासताना होत नाही. खर्च कमी करायचा म्हणून तपासणी आणि रात्रपाळीची माणसं कमी करणं मला मान्य नाही.

५. ऑक्टोबर २०२४ मध्ये भंडाऱ्याच्या मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. आनंद आहे. पण त्यातून घडणाऱ्या डॉक्टरांपैकी काही जण पवनी-लाखांदूरच्या केंद्रांत मुक्कामी राहतील, यासाठी क्वार्टरची गळती, पाणी आणि वीज आत्ताच दुरुस्त करायला घ्या.