काढता येणारे दार : जोडणी आणि जुळवणी

वाहनदुरुस्तीत इंजिनाला जे महत्त्व मिळते, ते दाराला सहसा मिळत नाही. इंजिन बिघडले की गाडी थांबते, म्हणून त्याची दखल तत्काळ घ्यावी लागते. दार मात्र वाकडे असले तरी जोराने आपटून लावता येते, आणि 'लागते ना, मग झाले' एवढ्यावर काम सोडून दिले जाते. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा व्यवसाय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि घरी गाडी वापरणाऱ्या पालकांनाही या विषयाची नीट ओळख असावी, या हेतूने प्रस्तुत पाठ लिहिला आहे. उदाहरणासाठी जीप रँग्लर ही गाडी घेतली आहे, कारण तिची दारे काढता-बसवता यावीत अशाच रीतीने घडवलेली असतात.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेत तयार झालेल्या विलिज जीपला पत्र्याची दारे नव्हती. सैनिकाला चटकन चढता-उतरता यावे आणि गाडीचे वजन कमी राहावे, हा त्यामागील विचार होता. पावसासाठी कापडी पडदे असत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत महिंद्रा कंपनीने विलिज जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे हे वाहन आपल्याकडेही परिचयाचे झाले. पुढे रँग्लरला पत्र्याची दारे आली, तरी ती काढता येण्याची सोय कायम राहिली. २०२१ पासून या गाडीची जुळणी पुण्याजवळील रांजणगाव येथेही होऊ लागली.

रचना

रँग्लरच्या प्रत्येक दाराला वर व खाली अशा दोन बिजागऱ्या असतात आणि त्या बाहेरून स्पष्ट दिसतात. बिजागरीचा एक अर्धा भाग गाडीच्या सांगाड्याला व दुसरा दाराला जोडलेला असतो. दाराकडील भागाची पिन सांगाड्याकडील भागाच्या भोकात वरून खाली उतरते. दार सरळ वर उचलले की ते निघते. ते आपोआप उचलले जाऊ नये म्हणून पिनेला खालून एक स्क्रू लावलेला असतो. या स्क्रूच्या डोक्यात चांदणीच्या आकाराची खाच असते. त्यासाठी टॉर्क्स पाना लागतो. २०१८ च्या मॉडेलपासूनच्या गाड्यांना टी-५० या मापाचा. साधा स्क्रू-ड्रायव्हर किंवा लहान मापाचा पाना घालून जोर लावल्यास खाच गुळगुळीत होते, आणि मग स्क्रू काढणे कठीण होऊन बसते.

दार काढणे

प्रथम काच पूर्ण खाली घ्यावी. नंतर गाडी बंद करून दाराकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचा जोड सोडवावा. हा जोड डॅशबोर्डखाली, पायांच्या जागेजवळ, झाकणाआड असतो. तारा ओढू नयेत. जोडाची कळ दाबूनच तो मोकळा करावा. दार अति उघडू नये म्हणून लावलेला पट्टा सोडवावा. मग दोन्ही बिजागऱ्यांचे खालचे स्क्रू काढून एका डबीत ठेवावेत. शेवटी दोघांनी मिळून दार सरळ वर उचलावे. एकाने बिजागरीकडची बाजू धरावी, दुसऱ्याने कुलपाकडची. दार तिरके उचलले तर पिना अडकतात आणि शेजारच्या पत्र्याचा रंग खरवडला जातो. काढलेले दार उघड्या फरशीवर न ठेवता जाड गोधडीवर उभे करून ठेवावे.

दार बसवणे

बसवण्यापूर्वी पिना व भोके कोरड्या फडक्याने पुसून घ्यावीत. धुळीचे खडे राहिले तर ते कानसेचे काम करतात. पिनेवर ग्रीसचा पातळ थर द्यावा. वरच्या बिजागरीची पिन खालच्या पिनेपेक्षा लांब ठेवलेली असते, हे ध्यानात घ्यावे. आधी वरची पिन भोकात टेकवावी. तिच्या आधाराने खालची पिन आपल्या जागी येते. दोन्ही एकाच वेळी जुळवू पाहणाऱ्याची तारांबळ उडते. त्यानंतर स्क्रू आधी हाताने फिरवावेत आणि मग पान्याने बेताचे घट्ट करावेत. अति आवळल्यास आटे जातात. पट्टा व तारांचा जोड पूर्ववत करून काच, कुलूप व आरसा चालतो की नाही ते पाहावे.

जुळवणी

नेहमीच्या काढण्या-बसवण्याने जुळवणी सहसा बिघडत नाही. बिजागरी धक्क्याने सरकली किंवा बदलली, तरच हे काम निघते. या कामात चूक होते ती क्रमाची. घराचे दार उंबरठ्याला घासू लागले, तर जाणता सुतार आधी रंधा हाती घेत नाही. तो बिजागरी पाहतो. गाडीच्या दारालाही हाच न्याय लागू पडतो. दार आधी बिजागरीवर जुळवावे, आणि खांबावरील स्ट्रायकरला, म्हणजे कुलूप ज्यात अडकते त्या कडीला, शेवटी हात लावावा.

दाराच्या चारही बाजूंची फट न्याहाळावी. ती सर्वत्र सारखी असावी. कुलपाकडची कड खाली झुकली असेल, तर वरची बिजागरी किंचित पुढे किंवा खालची किंचित मागे घ्यावी लागते. बोल्टांच्या भोकांत तेवढ्यापुरती मोकळीक असते. बोल्ट ढिले करण्यापूर्वी बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ मारावी, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. एका वेळी एकच बिजागरी ढिली करावी, दाराला खालून आधार द्यावा आणि बदल केसभरच करावा.

फट जुळल्यावर कुलूप कडीच्या मध्यावर येते का, ते दार हळू ढकलत पाहावे. दार लागताना वर उचलले जात असेल किंवा खाली दाबले जात असेल, तर बिजागरीचे काम अपुरे आहे असे समजावे. पुष्कळ ठिकाणी झुकलेले दार कडी सरकवून लावले जाते. दार लागते, पण दर वेळी त्याचे वजन कडीवर व कुलपावर पडत राहते, दोन्ही झिजतात आणि मूळ दोष तसाच राहतो. दार आत-बाहेर करण्यापुरतीच कडी सरकवावी. ती फार आत गेली तर दार आपटावे लागते; फार बाहेर राहिली तर वारा शिट्टी घालतो आणि दार खडखडते.

परीक्षा

कागदाची पट्टी रबरी बीडिंगवर ठेवून दार लावावे व पट्टी ओढून पाहावी. सगळीकडे सारखा ताण जाणवला पाहिजे. जेथे पट्टी सहज निघते, तेथून पाणी व धूळ आत येते. दुसरी परीक्षा कानाची. कुलपाचे दोन टप्पे असतात. पहिल्या आवाजाला दार नुसते अडकते, दुसऱ्याला पूर्ण बंद होते. पहिल्याच टप्प्यावर राहिलेले दार बाहेरून बंदच दिसते, आणि म्हणूनच ते धोक्याचे असते.

जबाबदारी

दार म्हणजे केवळ आडोसा नव्हे. आतील माणसाला आत ठेवणे आणि बाजूने बसणारा आघात सोसणे, ही त्याची कामे आहेत. रँग्लरचे बाजूचे आरसेही दारावरच असतात. दार काढले की तेही जातात. म्हणून दारे काढून सार्वजनिक रस्त्यावर गाडी नेऊ नये. ही सोय आडरानातील संथ वाटचालीसाठी आहे, आणि तेथेही पट्टा बांधलेलाच असावा.

दार कोणी बसवले, हे आत बसणाऱ्याला ठाऊक नसते. वळणावर त्या दाराला टेकून एखादे मूल झोपलेले असते, आणि त्याचा भार दोन पिना, दोन स्क्रू व एका कडीवर असतो. विद्यार्थिमित्रांनो, काम संपवून पाना पेटीत ठेवण्यापूर्वी दार पुन्हा एकदा हलक्या हाताने लावून पाहा, आणि दुसरा आवाज ऐकू आल्यावरच गाडी मालकाच्या ताब्यात द्या.