एका तासातली दोन झाडे : निवड आणि सरमिसळ



तुरी शेंगांना आल्या होत्या तेव्हा नववीच्या मुलांनी शेतातून दोन झाडे उपटून वर्गात आणली. दोन्ही एकाच तासातली. एक शेंगांनी लगडलेले, दुसरे उभ्या उभ्या वाळलेले. वाळलेल्या झाडाचे खोड आम्ही उभे चिरले, तर आत काळपट रेघ दिसली. हा मर रोग. कन्नडमध्ये याला 'नेटे रोग' म्हणतात. 2022-23 च्या हंगामात कलबुर्गी, बीदर आणि यादगीर जिल्ह्यांत याच रोगाने तुरीची मोठी हानी केली, हे आपल्या घरच्यांना वेगळे सांगायला नको.

मुलांनी विचारले, "माती एक, पाऊस एक, बी एका पोत्यातले. मग हे एकच झाड कसे जगले?" या प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधू.

निवड म्हणजे काय?

मर रोगाची बुरशी जमिनीत, जुन्या धसकटांवर काही वर्षे टिकून राहते. ती मुळांतून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद पाडते. ज्या झाडाच्या जनुकांत तिला अडवण्याचा गुण आहे ते टिकते, त्याला बी येते आणि तो गुण पुढच्या पिढीत जातो. बाकीची झाडे बी देण्याआधीच वाळतात. असे पिढ्यान् पिढ्या घडले की शेतात रोग सोसणाऱ्या झाडांचे प्रमाण वाढते. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात.

मात्र जगलेले प्रत्येक झाड गुणवान असतेच असे नाही. काही झाडे केवळ योगायोगाने वाचतात. म्हणून शास्त्रज्ञ मुद्दाम रोगट ठेवलेल्या जमिनीत त्या झाडाचे बी पुन्हा पुन्हा पेरतात. त्याची संतती तेथेही टिकली, तरच तो गुण आनुवंशिक मानायचा.

हैदराबादच्या वाटेवर पाटणचेरू लागते. तेथे 1972 साली इक्रिसॅट ही संशोधन संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रातल्या एका गावरान तुरीतून तेथे मर रोग सोसणारी झाडे निवडण्यात आली आणि त्यांपासून तयार झालेला 'मारुती' हा वाण 1986 मध्ये कर्नाटकात शेतकऱ्यांना मिळाला. गुण गावरान तुरीत आधीपासून होताच, माणसाने तो फक्त वेचला. निवड नवा गुण घडवत नाही, असलेल्यांतून उचलते, हे येथे ध्यानात ठेवा.

सरमिसळ कशी होते?

नवा गुण येतो तो उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकात अचानक झालेल्या बदलाने. पण निरनिराळ्या झाडांतले गुण एकत्र आणण्याचे काम पुनःसंयोजन करते.

तुरीच्या पेशीत 22 गुणसूत्रे, म्हणजे 11 जोड्या असतात. परागकण किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र पुढे जाते, आईकडचे किंवा बापाकडचे. दोनाला दोनाने अकरा वेळा मांडून गुणा : 2,048 प्रकार होतात. परागकण आणि बीजांड मिळून 2,048 × 2,048 म्हणजे 41,94,304 जुळण्या शक्य आहेत. त्यातच विभाजनाच्या वेळी जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांना बिलगून आपले तुकडे बदलतात. मग तर मोजदादच राहत नाही. तुरीच्या फुलांवर मधमाश्या येतात, त्यामुळे शेजारच्या शेतातले परागकणही या सरमिसळीत येतात.

'आशा' हा वाण असाच संकरातून घडला. मर रोग आणि कोळी कीटकांमुळे पसरणारा वांझ रोग, हे दोन्ही सोसण्याचा गुण त्यात आहे. तो 1993 मध्ये प्रसारित झाला. पुढे याच वाणाचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचण्यात आला. त्यात सुमारे 48,680 जनुके असल्याचा अंदाज निघाला.

दोघांचे नाते

समजा, रोग सोसण्याचे जनुक आणि दाणा बारीक करणारे जनुक एकाच गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत. निवड पहिल्याला उचलते, तेव्हा दुसरेही त्याच्याबरोबर फुकट पुढे सरकते. दोघांची ताटातूट करू शकते ते पुनःसंयोजन. म्हणून निवड विविधता कमी करत जाते, तर सरमिसळ तिला नवनव्या जुळण्या पुरवते. निवडीपुढे पर्यायच नसतील तर तिचे काहीच चालणार नाही.

बुरशीही गप्प बसत नाही. तिच्यातही प्रकार आहेत आणि तिच्यावरही निवड चालते. साऱ्या शिवारात एकच वाण असेल आणि त्या वाणाला भेदणारा बुरशीचा प्रकार वाढला, तर सगळ्यांचेच पीक जाईल. इक्रिसॅटच्या जनुक पेढीत तुरीचे 13 हजारांहून अधिक नमुने जपून ठेवले आहेत ते याचसाठी. आजीने राख लावून गाडग्यात ठेवलेले गावरान बीसुद्धा अशीच एक छोटी पेढी आहे. ते जुने म्हणून टाकून देऊ नका. बी राखायचे असेल तर रोग आलेल्या शेतातली निरोगी झाडे निवडा, पण एकाच झाडाचे न घेता पुष्कळ झाडांचे घ्या.

करून पाहा

1. शेतातली तुरीची 10 झाडे निवडून उंची, शेंगा आणि प्रत्येक शेंगेतले दाणे मोजा. कोणता फरक जमिनीमुळे आणि कोणता जनुकांमुळे असेल, हे कसे ठरवाल?
2. गुणसूत्रांच्या 7 जोड्या असलेल्या वाटाण्यात परागकणांचे किती प्रकार होतील? (तुकड्यांची अदलाबदल धरू नका.)
3. घरातल्या मोठ्यांना विचारा : पूर्वी आपल्या शेतात तुरीचे कोणते वाण होते? नावे वहीत लिहून आणा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे आम्ही एकत्र करून वर्गाच्या भिंतीवर लावणार आहोत.