आजचं मनन : शेजारी जाऊन बसणारा सेवक

वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-६ आणि ८:२६-४०



रथात बसलेला कूशी अधिकारी, त्याच्या हातात यशयाचा ग्रंथ, आणि धावत येणारा फिलिप्प. ही गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. पण हा फिलिप्प कोण, हे कळायला दोन अध्याय मागे जावं लागतं. यरुशलेमेत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं. तक्रार आली, आणि मंडळीनं सात जण निवडले. काम काय, तर पंगतीची सेवा. कुणी उपाशी राहू नये, एवढं बघायचं. आज ज्यांना आपण सेवक किंवा डीकन म्हणतो, त्यांची सुरुवात बहुतेक मंडळ्या इथूनच धरतात. ‘डायाकोनोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी सेवा करणारा.

या आठवड्यात हा भाग मला जास्त भिडला, त्याला कारण आहे. आमच्या पाळकांनी मला सेवकपदाबद्दल प्रार्थनापूर्वक विचार करायला सांगितलंय. मी वरोऱ्यात बसून दिवसभर कोड लिहिणारा माणूस. डिग्री इंजिनीअरिंगची, ईश्वरज्ञानाची नाही. म्हणून फिलिप्पाकडे नीट बघावंसं वाटलं.

१. तो आधी शेजारी बसला

फिलिप्प रथाजवळ गेला, वाचन ऐकलं आणि प्रश्न विचारला : वाचताय ते समजतंय का? मग बोलावणं आल्यावर वर चढला. भाषण नंतर, आधी त्या माणसाच्या हातातलं पान.

अशीच एक भेट आपल्या विदर्भाच्या वाटेवर झाली. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं चालले होते. कोकणातल्या चित्पावन घरातला, संस्कृत जाणणारा हा कवी. डब्यात एक गोरे सहप्रवासी भेटले. गप्पा कवितेपासून सुरू झाल्या आणि उतरताना टिळकांच्या हातात नवा करार होता. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी, मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, थांबले. तिथून त्यांचा पाय निघेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिशीतलं वय, पदरी बायको-मुलगा.

इथे घाईनं ‘हालेलूया’ म्हणून पुढे जाऊ नका. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या, पण जातीचा विचार त्यांनी स्वतः, स्वतःच्या डोक्यानं तपासला आणि सोडला. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विश्वासानं बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचली नसेल तर जरूर वाचा. एकाच्या पाचारणाची किंमत घरातलं दुसरं माणूसही मोजतं. साक्ष देताना आपण ते माणूस विसरतो.

२. त्यानं दार अडवलं नाही

तो कूशी अधिकारी षंढ होता. अनुवाद २३:१ प्रमाणे त्याला देवाच्या मंडळीत प्रवेश नव्हता. एवढ्या लांबून तो उपासनेला आला होता. आणि गंमत बघा, तो वाचत होता यशया ५३. तीनच अध्याय पुढे, ५६ मध्ये, देव षंढांना आपल्या घरात जागा आणि नाव द्यायचं वचन देतो! पाणी दिसल्यावर त्यानं विचारलं, मला बाप्तिस्मा घ्यायला आता अडचण कोणती? फिलिप्पाला नियम दाखवता आला असता. तो त्याच्याबरोबर पाण्यात उतरला.

टिळकांच्या सेवेलाही हेच वळण लागलं. १९०४ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली, पण परदेशी साच्यातलं ख्रिस्तीपण त्यांना पुरेना. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते गेले. दरबार वाढलेला बघायला मिळाला नाही. त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

३. आपल्या वाटेवर कोण आहे?

वरोऱ्यात ‘सेवा’ हा शब्द सांभाळून वापरावा लागतो, कारण आनंदवन गावाला लागूनच आहे. बाबा आमटे ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना आपल्या यादीत ओढायचं कारणही नाही. पण त्यांची वाट इथल्याच रस्त्यावर, तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्यापाशी वळली. आधी ते घाबरून पुढे निघून गेले, मग परत फिरले आणि त्याची शुश्रूषा केली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती उभी राहिली. पाचारण बहुतेकदा असंच येतं : एक माणूस, एक रस्ता, आणि थांबायचं की नाही हा प्रश्न.

म्हणून आजचा प्रश्न थेट विचारतो. येत्या रविवारी एखादी तृतीयपंथी व्यक्ती मागच्या बाकावर येऊन बसली, तर तिच्या शेजारी कोण जाऊन बसेल? की सगळे वळून बघतील? ‘अडचण कोणती?’ हा प्रश्न त्या अधिकाऱ्यानं विचारला होता खरा, पण उत्तर मंडळीला द्यायचं आहे.

पाळकांना मी ‘हो’ म्हणणार आहे. बॅज लावून दारात उभं राहण्यासाठी नव्हे, तर त्या मागच्या बाकासाठी.

आज करून बघा : तुमच्या मंडळीत किंवा ऑफिसात नेहमी एकट्यानं बसणारी एक व्यक्ती आठवा. तिच्या शेजारी बसा. उपदेश नको. आधी ऐका.

प्रार्थना : प्रभू येशू, तू स्वतः सेवा करायला आलास. आमची पावलं त्या रथाकडे वळव. ज्यांच्यासाठी आम्ही दार अडवलं, त्यांच्याबरोबर पाण्यात उतरायचं धैर्य दे. आणि आमच्या पाचारणाची किंमत मोजणाऱ्या घरच्या माणसांना सांभाळ. आमेन.