पाण्याच्या धारेने गादीचं ऑपरेशन: होकाराआधी काय विचाराल?

मणक्यातली गादी सरकली, कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ जाते आणि डॉक्टर म्हणतात, ‘पाण्याच्या धारेने करू, मोठी चीर नाही.’ ऐकून हायसं वाटतं. तरी आधी एस्टिमेट मागा आणि ‘कन्झ्युमेबल्स’समोरचा आकडा बघा.

त्यात मुख्य असतो हँडपीस. काही मिलिमीटर जाडीची ही नळी एक्स-रेच्या पडद्यावर बघत गादीत सरकवतात. टोकाशी बारीक छिद्रातून सलाईनची अतिवेगवान धार सुटते आणि समोरच्याच तोंडात शिरते. त्या वेगाने ओढ तयार होते. गादीतला मऊ गर ओढला जातो, कापला जातो आणि धारेबरोबर बाहेर पडतो. लेसरसारखी उष्णता नाही. हा हँडपीस एका रुग्णासाठी एकदाच वापरायचा असतो. म्हणून कंपनी आणि एमआरपी लेखी घ्या, बॅच नंबरचं स्टिकर फाईलला लावून घ्या.

पण ही पद्धत सरसकट सगळ्यांसाठी नाही. गादी फुगली आहे, बाहेरचं कडं शाबूत आहे, तरच उपयोग. तुकडा सुटून नसेपाशी पडला असेल, तर पैसे जातील आणि कळ राहील. सायटिकाचे बहुतेक रुग्ण ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय सुधारतात. म्हणून एमआरआयची सीडी घेऊन दुसऱ्या स्पाइन सर्जनला दाखवा. ती फी वाचवू नका, असं मी कळकळीने सांगेन. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मेडिक्लेम असेल तर चोवीस तासांच्या आत घरी सोडलं तरी ‘डे केअर’मध्ये क्लेम बसू शकतो. नव्या पॉलिसीत गादीच्या आजाराला बहुधा २ वर्षं थांबावं लागतं. खोलीभाड्याची मर्यादा ५,००० रुपये असताना १०,००० ची खोली घेतलीत, तर सर्जनची फीही निम्मीच मंजूर होऊ शकते: ८०,००० पैकी ४०,००० खिशातून. हँडपीस, औषधं, तपासण्यांना ही कपात लावता येत नाही. क्लेम हाताळणाऱ्या टीपीएला हे ठासून सांगा.

महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना ५० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १.८० आणि ३.६० लाख. दाखला आणि रेशनकार्ड घेऊन भरती होण्याआधीच तिथल्या समाजसेवकांना भेटा आणि हँडपीस सवलतीत धरलाय का, ते त्यांच्याकडून लिहून घ्या.